काढून टाकलेल्याची यादी

संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार झाडूमास्तर म्हणायचा, आणि त्याला ते नाव आवडायचंही. अडगळ दिसली की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. फुकट मिळतात म्हणून लोक डझनभर कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडून दाखवणारे छोटे प्रोग्रॅम, संगणकात भरून ठेवत. ते एकमेकांच्या उरावर बसत, आणि लग्नाची फिल्म उघडायला जावं तर भलतंच काहीतरी उघडे. मास्तर सगळं उपटून टाकी आणि कोणती फाइल कशात उघडायची ते नव्याने लावून देई. मागाहून कटकट नको म्हणून काढलेल्या वस्तूंची यादी छापून तिच्यावर गिऱ्हाइकाची सही घेई. ती यादी कुणी वाचत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी एक निवृत्त लिफ्टमन संगणक छातीशी धरून आला. त्याचा मुलगा गोदामाच्या आवारात, मागे सरकत येणाऱ्या ट्रकखाली चिरडून गेला होता. गोदामवाल्यांचं म्हणणं, पोरगा फोनवर बोलत मध्ये आला. गोदामासमोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मात्र त्याचे दोन्ही हात रिकामे दिसत होते. मूळ चित्रण महिनाभरात पुसलं गेलं. उरलेली एकुलती एक फाइल या संगणकात होती आणि ती गुरुवारच्या सुनावणीत दाखवायची होती. चालताना ती अडखळते, तेवढं बघा, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. ते पुरतं ऐकून घ्यायला मास्तरला कुठली सवड! होईल सगळं नीट, असं म्हणत त्याने त्याला बाकावर बसवलं आणि कामाला लागला.

अकरा कोडेक निघाले. त्यातल्या एकाचं नाव त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. असल्या अनोळखी पाहुण्यांवर तर त्याचा विशेष राग. तोही काढला, आणि तो ज्यातून बसवला होता ती फाइलही पुसली. मग दुकानातली एक लग्नाची फिल्म लावून पाहिली, ती सुरेख चालली. म्हाताऱ्याने सही केली, दोनदा आभार मानले आणि गेला.

बुधवारी तो संगणक घेऊन परत आला. फाइल उघडत होती, पण पडदा काळाच राहत होता. मास्तरने शोधाशोध केली तेव्हा कळलं, ते अनोळखी नाव कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या कोडेकचं होतं, आणि ते चित्रण दुसऱ्या कशानेच उलगडत नव्हतं. कंपनी केव्हाच बुडाली होती. गोदामासमोरचा तो दुकानदारही गाशा गुंडाळून गेला होता. मास्तरने पाच प्लेअर लावून पाहिले, धंद्यातल्या ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. दुपार उलटली तरी कुणाकडे काही मिळेना.

म्हातारा बाकावरूनच हळू आवाजात म्हणाला, "माझ्या हातून काही चुकलं का?"

नाही, माझ्या हातून चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांवर आलंही होतं. पण वीस वर्षांचं नाव, शेजारपाजारचे दुकानदार, उद्या बाजारात होणारी कुजबुज, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्याने खणातून ती यादी काढून पुढे सरकवली.

"सातव्या ओळीत लिहिलंय बघा. खाली सही तुमचीच आहे."

बोलताना त्याला स्वतःची शिसारी आली, तरी तो बोलला. म्हाताऱ्याने चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवत तो सातवीपाशी आला आणि बराच वेळ तिथेच थांबला.

"वाचायला हवं होतं मी," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने वायर नीट गुंडाळली, संगणक उचलला आणि दारापाशी जाऊन थांबला.

"आमची ही रोज बघायची त्याला. ट्रक यायच्या आधीचं तेवढंच लावायची, नुसता उभा असलेला," तो म्हणाला. "ती येईल विचारायला. माझ्या सहीनं गेलं, असं सांगू नका तिला. मशीन बिघडलं म्हणा."

"नाही सांगत," मास्तर म्हणाला.