ऐकणारीची रेघ

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आमच्या शाळेत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. वीस मिनिटांच्या सुट्टीत दीडशे पोरांच्या हातात सूप आणि पाव द्यायचा असेल तर रांग रागानेच सरळ राहते. गोड बोलण्याचं खातं माझ्या बहिणीकडे. मी कॅन्टीनच्या काउंटरवर, ती आत भांड्यांपाशी. पोरं तिला मावशी म्हणतात, मी धाकटी म्हणते. सत्तेचाळीस वर्षांची घोडी झाली, तरी धाकटीच.

आमच्या शाळेत वरच्या दोन इयत्तांना इंग्रजी साहित्य आणि लेखन असा एक विषय आहे. तो शिकवणाऱ्या बाई उंचीने दारात मावत नाहीत आणि आवाज मात्र मुंगीचा. त्यांचा एक जगावेगळा नियम आहे. मुलाने काही लिहिलं की ते वर्गाबाहेरच्या कोणाला तरी वाचून दाखवायचं, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष जिथे उडालं तिथे त्याने पेन्सिलने रेघ मारायची. रेघ नसेल तर बाई कागद हातात घेत नाहीत. ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं तिथे लिहिणारा एक तर मिरवत असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो, असं त्यांचं म्हणणं.

नऊ वर्षांपूर्वी एक पोरगी असाच कागद घेऊन कॅन्टीनमध्ये आली. मी तिला वाटेला लावलं. कामाच्या वेळी गोष्टी कसल्या ऐकवता? धाकटीने हात पुसले आणि म्हणाली, वाच बाळ. तेव्हा तिचं इंग्रजी जेमतेम होतं. ती पोरगी एक वाक्य इंग्रजीत वाचायची आणि तेच आपल्या भाषेत सांगायची. शेवटी धाकटीने एका ठिकाणी बोट ठेवलं. इथे तू सूर्यास्ताचं वर्णन लावलंस तेव्हा मला डाळ भिजवायची आठवण झाली, म्हणाली. पोरगी रडकुंडीला आली, पण बाईंनी नेमकं तेच वाक्य कापलं.

झालं. तेव्हापासून दुपारी शाळा सुटली की आमच्याकडे वह्यांची रीघ. घरच्या लोकांना वाचून दाखवलं की ते कौतुक करतात, मावशी खरं सांगते, अशी तिची कीर्ती. पोरं वर्गात वाचलेल्या कथाही तिला येऊन सांगायची. एका कथेतला नवरा बायकोला न विचारता घर विकून टाकतो. त्यात चूक कोणाची यावर धाकटी आणि चार पोरं आठवडाभर भांडत होती, आणि माझं सूप दोनदा करपलं. पुढे ती ग्रंथालयातून पुस्तकं आणायला लागली. कोठीच्या खोलीत पिठाच्या डब्यावर बसायची, मांडीवर शब्दकोश, आणि ओठ हलवत वाचायची. मी हाक मारली की तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. मी चिडायचे. आता सांगायला हरकत नाही, मला बरंही वाटायचं.

यंदा शाळेने ठरवलं की कामगारांपैकी एकाला त्या वर्गात वर्षभर बसता येईल, परीक्षाही देता येईल. अट एकच. आधी स्वतःबद्दल दोन पानं लिहायची आणि ती बाईंनी स्वीकारायची. धाकटीची शाळा दहावीत सुटली होती. तिने ती सूचना वाचली आणि त्या दिवशी तीन कप फोडले. तिला किती हवं होतं ते मला तेव्हाच कळलं.

लिहून झाल्यावर ती ऐकवायला माझ्याकडे आली. आता मी आणि ऐकणं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. मी चमचे पुसत होते. ती वाचत होती, आपल्या भाषेत सांगत होती, मी हं हं करत होते. शेवटी मी खाली लिहिलं, सगळं छान आहे. बहिणीच्या लिखाणावर रेघ मारायला मी काय वैरीण आहे?

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः काउंटरवर आल्या. कागद माझ्यापुढे ठेवला आणि त्या मुंगीच्या आवाजात म्हणाल्या, "हे कोणी ऐकलेलंच नाही."

मी तोंडाचा पट्टा सोडला. दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना असले नियम लावता, वगैरे वगैरे. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, की शुक्रवारपर्यंत रेघेसकट कागद आला तर त्या घेतील, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. आत धाकटी भांडी घासत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मला लागलं. नऊ वर्षं ही शाळाभर सगळ्यांचं ऐकत आली, आणि हिचं ऐकायची वेळ आली तर मी चमचे पुसत बसले. स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवारी दुपारी सगळे गेल्यावर मी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या, दोन खाली घेतल्या आणि म्हटलं, वाच. हात मांडीवर ठेवले. पहिलं पान वडिलांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानाचं होतं. ती पंक्चर काढलेल्या ट्यूबांवर खडूने शब्द लिहायची, ते मी विसरूनच गेले होते. दुसऱ्या पानावर शाळा, तिचा बाक, तिचा पहिला नंबर. मग वाक्य आलं, "पुढे परिस्थितीमुळे माझी शाळा सुटली."

तिथे माझं लक्ष उडालं. उडालं ते थेट माझ्या संसाराच्या पहिल्या, एका खोलीच्या घरात जाऊन पडलं. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची, सतत आजारी. नवरा ट्रकवर, वीस-वीस दिवस घराबाहेर. मी माहेरी गेले आणि वडिलांना म्हटलं, हिला दोन महिने माझ्याकडे पाठवा. दोनाचे सात झाले. दहावीची परीक्षा येऊन गेली. त्यानंतर ती परत शाळेत जाते म्हणाली नाही, आणि मीही जा म्हटलं नाही. माझी सोय होत होती. एकतीस वर्षांत तिने हा विषय काढला नाही. मी काढायला हवा होता, पण मी मूग गिळून बसले.

मी पेन्सिल मागितली आणि त्या वाक्याखाली रेघ मारली.

"परिस्थिती नव्हती गं," मी म्हटलं. "मी होते. तुझी शाळा मी सोडवली."

तिने कागद आपल्याकडे ओढून घेतला. "ते कसं लिहू, ताई? तुला वाईट वाटेल."

"वाटू दे. पोरांच्या वह्यांवर रेघा ओढताना कोणाची भीड ठेवलीस? मग माझीच कशाला?"

शुक्रवारी सकाळी तिने नवं पान आणलं. सूप उकळायला ठेवून आम्ही पुन्हा बसलो. दुकान, ट्यूबा, बाक, सगळं तसंच होतं. मग ती वाचू लागली:

"माझी शाळा माझ्या बहिणीने सोडवली. तिचं बाळ आजारी होतं, नवरा दूर होता, आणि हाक मारायला तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. शाळा गेल्याचं दुःख मला अजून आहे. पण तिने हाक मला मारली, दुसऱ्या कोणाला नाही, हेही मी कधी विसरले नाही."

त्यापुढे अर्धं पान होतं. तिने ते वाचलं असणार. रेघ मारल्याशिवाय कागद चालणार नव्हता, म्हणून मी त्या वाक्यानंतर रेघ ओढली आणि बाजूला माझ्या वाकड्या अक्षरात खरं तेच लिहिलं, "इथून पुढचं ऐकलं नाही. रडत होते." ते वाचून बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि कागद ठेवून घेतला.

सोमवारपासून तिसऱ्या तासाला धाकटी वर्गात असते, आणि भांडी मी घासते.