आधाराची दांडी आणि ओला परकर

डोंबिवलीच्या टिळकनगरात राहणाऱ्या चित्रा आगाशे आयुष्यात एकदाही पडलेल्या नाहीत. गेल्या वर्षी त्या स्वयंपाकघरात ‘जरा बसल्या’, गणपतीत माळ्यावरचं मखर काढताना स्टुलावरून ‘लवकर उतरल्या’, आणि जिन्याची शेवटची पायरी ‘दिसलीच नाही मेली’, कारण डोळ्यांवर वाचायचा चष्मा होता. पडतात ती माणसं वेगळी. भजनी मंडळातल्या शेंबेकरबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मुलाने खारघरला नेलं. आता फोन केला की सून उचलते आणि सांगते, “आई आराम करतायत.” चित्राताईंच्या लेखी ही श्रद्धांजलीच.

म्हणून मुलगा सौमित्र जेव्हा म्हणाला, “आई, आता एकदा जरी पडलीस ना, तर सामान बांधायचं आणि ठाण्याला आमच्याकडे,” तेव्हा पडणं हा विषयच त्यांनी घरातून हद्दपार केला.

सौमित्र इंजिनियर. त्याने व्हिडिओ पाहून उपाय आणले. सुटं पायपुसणं काढा. ते चित्राताईंच्या आईच्या साडीचं, म्हणून राहिलं. ढगळ सपाता टाका. त्या अजून चांगल्या होत्या. बीपीची गोळी चालू आहे, झटकन उठू नकोस. “मग बेल वाजली की दार कोण उघडणार, गोळी?” पायात बळ येण्यासाठी खुर्चीतून उठाबशा काढ. “उठाबशा मी शाळेत मुलांना काढायला लावायचे.” उरली बाथरूम. तिथे त्याने स्टीलची जाड दांडी भिंतीत बसवली आणि स्वतः लोंबकळून दाखवलं.

दांडी उत्तमच होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर परकर, टॉवेल आणि दोन गाउन वाळत होते. मराठी मध्यमवर्गीय घरात आडवी नळी रिकामी ठेवणं म्हणजे अन्नाचा अपमान करण्यासारखंच. व्यायामाची सायकलसुद्धा शेवटी त्याच कामी येते.

मग एका सकाळी चित्राताई आंघोळीला बसलेल्या असताना बेल वाजली. त्या झटकन उठल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली, साबणाच्या पाण्यावर पाय सरकला आणि हात बरोबर दांडीकडे गेला. हाती लागला ओला परकर. परकराने शेवटपर्यंत साथ दिली. म्हणजे तोही खाली आला, आणि येताना बाकीच्या मंडळींना घेऊन आला.

त्यांनी आधी खुबा चाचपला. शाबूत होता. कोपर मात्र ठणकत होतं. दाराबाहेरून शेजारची रसिका ओरडत होती, “काकू, आहात ना? इडल्या आणल्यात!”

रसिकाला खरं सांगावं, तर तासाभरात सौमित्र हजर.

“आंघोळ करतेय गं! ठेव दाराशी,” फरशीवरून उत्तर गेलं.

मग त्यांनी वर पाहिलं. बसवल्यापासून पहिल्यांदाच दांडी रिकामी होती. तिला धरून त्या उठल्या.

रविवारी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तुंबलेला राग घेऊन सौमित्र आला. बरोबर मुलगी क्षिप्रा.

“आजी, एवढ्या उकाड्यात लांब हातांचा ब्लाउज?”

“फॅशन आहे. तुला नाही कळायची.”

सौमित्रने बाथरूममध्ये डोकावून पाहिलं. “दांडी मोकळी? चक्क माझं ऐकलंस?”

“ऐकते रे मी. तुझंच लक्ष नसतं.”

तो भरून पावला. तेवढ्यात क्षिप्राने तोंड धुतलं आणि ओला नॅपकिन सवयीने दांडीवर टाकला.

“अगं काढ तो! पुन्हा पडायचंय का मला?”

क्षिप्राने नॅपकिन काढला.

“पुन्हा?” सौमित्र म्हणाला.

“उठले ना पण? तुझ्याच दांडीला धरून. तिकडे नेऊन काय करणार आहेस, तीच दांडी बसवशील ना? त्यापेक्षा गॅलरीत कपड्यांना आणखी एक दोरी बांध. आणि जाताना ते पायपुसणं घेऊन जा.”

पायपुसणं स्वतःहून निघालं म्हटल्यावर सौमित्रला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. वाद न घालता त्याने दोरी उचलली आणि पायमोज्यांसकट प्लास्टिकच्या स्टुलावर चढला. स्टूल डुगडुगलं.

चित्राताईंनी दोन्ही हातांनी ते धरलं.

“उतर आधी, मोजे काढ. पडलास तर तुझं करायला मला ठाण्याला यावं लागेल.”