चार ठोके

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी आगारात तो माझ्या शेजारच्या बाकावर बसला होता. मांडीवर झांजांची जड पिशवी, हातात टोकं झिजलेल्या ड्रमच्या काठ्या. डिझेलच्या उग्र दर्पात त्याचं सारं शरीर जणू फोनला कान लावून होतं.

"अरे, नाशिकला स्टेज शो आहे आज. कुठे पोचलास?" उत्तर मला ऐकू आलं नाही, त्याचा चेहरा मात्र विझत गेला.

"आमचा गायक येत नाहीये," तो माझ्याकडे न बघताच म्हणाला. "कॉलेजांत पोरं आमची गाणी आमच्याआधी म्हणायची, मॅडम. मग शो आटले. कोपरच्या लग्नांत, हळदींत दुसऱ्यांची गाणी वाजवली. आज पुन्हा आमची वाजणार होती."

कंडक्टरने दारातून हाक दिली, "काय भाऊ, बँडबाजा चढतोय की राहतोय?"

त्याने फोन खिशात टाकला, पिशवी खांद्याला लावली. मग चढला. मीही त्याच गाडीने निघाले होते; तो माझ्या पुढच्या आसनावर बसला.

घाट लागण्याआधी त्याने समोरच्या दांडीवर काठीने चार हलके ठोके दिले, गाणं सुरू करून देणारे. थांबला. पुन्हा चार. त्यानंतरची जागा गायकाची होती. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटले आणि त्या जागेत स्वतःचा खरखरीत आवाज ठेवला.

सूर थरथरला. तरी दुसरी ओळ आली.