मुकुंदराव मास्तरांच्या नऊशे विटा

मंठाळच्या शाळेतले मुकुंदराव मास्तर गणित उर्दूत शिकले आणि निजामी गेल्यावर तेच मराठीत शिकवू लागले. माणूस इतका सरळ की जगात निभाव लागणं कठीण. पाच वर्षं हंगामीच होते. हंगामी मास्तराला उन्हाळ्याचा पगार नसे, म्हणून नलिनीबाई दर उन्हाळ्यात लेकरं घेऊन मुडबीला भावाकडे जायच्या आणि भावजयीची बोलणी खाऊन यायच्या. कायम व्हायला तपासणीस रामाचार्यांचा एक शेरा पुरेसा होता.

त्रेपन्न साली रामाचार्य तपासणीला आले, तेव्हा शाळेच्या नव्या खोलीसाठी बंडेप्पाच्या भट्टीवरून विटा येऊन पडल्या होत्या. बंडेप्पा विटा मोजत नसे, रचत असे: दहा लांब, दहा रुंद, दहा थर, झाल्या हजार. दहाचा घन आयताच अंगणात आलेला बघून मास्तर हरखले. त्यांनी वर्गाला विचारलं, दहाच्या घनातून दहाचा वर्ग वजा केला तर किती? पोरं म्हणाली, नऊशे.

रामाचार्यांनी नकारार्थी मान हलवली. पाया सारखा असला की घातांक वजा करायचे. तिनातून दोन गेले, राहिला एक. म्हणजे उत्तर दहा. मास्तर हात जोडून म्हणाले, साहेब, तो नियम भागाकाराचा. वजाबाकीला आधी दोन्ही संख्या मांडाव्या लागतात.

पोरांनी वरचा थर उचलून बाजूला ठेवला. शंभर विटा गेल्या, नऊ थर राहिले. रामाचार्यांनी ढीग निरखला आणि खापर विटांवर फोडलं. ढीग चुकीचा रचलाय म्हणाले. दोनदा मोडून रचवला, दोन्ही वेळा वरचा थर काढवला, नऊ थर जागेवरच. शेवटी बंडेप्पाला बोलावलं.

"मी हातानं रचतो, अप्पा," तो म्हणाला. "नियमानं न्हाई."

रामाचार्यांनी दप्तरात लिहिलं: शंभर विटा काढल्या, शिल्लक दहा. सकाळी मास्तरांनी खाली सही केली की नोकरी कायम.

घरी नलिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "करून टाका की सही," त्या म्हणाल्या. "विटा काय साक्ष द्यायला येनारेत व्हय?"

मास्तरांना ते पटलंही. सकाळी ते सही करायच्या इराद्यानंच गेले. टाक दौतीत बुडवला आणि हात अडला. त्या विटा पोरांनी तीनदा स्वतःच्या हातांनी उचलल्या होत्या. उद्या त्यांना काय सांगायचं? फार वाईट वाटत असतानाच त्यांनी लिहिलं: शिल्लक नऊशे.

शेरा आला: मास्तर गणितात कच्चे. दप्तरात मात्र साहेबांचाच आकडा धरला गेला, विटा दहाच राहिल्या, त्यामुळे बाकीच्या विटांची चौकशी करायला कुणी आलं नाही. गावानं त्या विटांतून शाळेची खोली बांधली, कंबरेपर्यंत विटांची, वर मातीची. पुढच्या साली रामाचार्य तिथंच सावलीत बसले, चहा प्याले. दहा विटांत खोली होत नाही, हे त्यांना दप्तर बघून कळत होतं. त्यांनी लिहिलं: शाळेस खोली नाही, वर्ग उघड्यावर भरतो. मास्तर हंगामीच राहिले.

त्या उन्हाळ्यात मुडबीला निघताना नलिनीबाईंनी बोचकं खाली ठेवून ती खोली बघितली. विटांवरून हात फिरवला, थर मोजले.

"चांगली झालीय हो," त्या म्हणाल्या, आणि बोचकं उचलून वाटेला लागल्या.