पाणी सोडणारा चावीमामा

चावीमामाला खुर्चीत पाठ टेकून बसलेलं मी कधी पाहिलं असेल तर शपथ. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान बरोबर त्याच्या व्हॉल्वच्या खड्ड्यासमोर, त्यामुळे चाळीस वर्षं हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर. खांद्यावर छातीएवढी लोखंडी चावी आणि पायाला भिंगरी. चहा दिला तर अर्धा कप पिऊन उठायचा. "खालच्या गल्लीत दाब कसा आहे, जरा बघून येतो." उरलेला अर्धा कप माश्यांना.

काम म्हणाल तर एकच. खड्ड्यात वाकायचं, चावी फिरवायची आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडायचं, "पाणी सोडलंऽऽय!" या दोन शब्दांवर अख्खं गाव हलायचं. अंगाला साबण लावलेले तसेच बाहेर यायचे, भांडणारे भांडण बाजूला ठेवायचे. एकदा एका घरी लेकीच्या लग्नाची बोलणी चालली होती. आरोळी ऐकली आणि नवरीची आई व्याह्यांना बोलता बोलता सोडून बादली घेऊन पळाली. लग्न जमलं बरं का! व्याही म्हणाले, "माणसं चपळ आहेत."

या पळापळीत सगळ्यांत पुढे मामाची थोरली बहीण, आक्का. नदीकडच्या शेवटच्या घरात एकटी राहायची. दारात दोन निळी पिंपं, कायम काठोकाठ. भाऊ गावाला पाणी सोडतो आणि बहिणीचं पिंप रिकामं, असं कुणी म्हणता कामा नये, हा तिचा बाणा.

मग सरकारनं पुराचं नियोजन काढलं. नियोजन करायला एक तरुण मॅडम आल्या. टेप घेऊन गल्लीगल्ली फिरल्या आणि पाणी कुठवर चढेल तिथे भिंतींवर निळी रेघ मारून घेतली. माझ्या दुकानात रेघ हवेच्या पंपाएवढी. आक्काच्या घरी मात्र रंगारी शिडी चढत गेला, भिंत संपली तरी रेघेची जागा येईना. शेवटी पत्र्याच्याही वर जाणाऱ्या विजेच्या खांबाला खूण केली.

"मागच्या पुरात पत्र्यावर सात तास बसले होते," आक्का खालून म्हणाली. "काय झालं मला?"

"आक्का, खूण पत्र्याच्या वर आहे," मामा म्हणाला.

"मग खांबावर बसेन."

त्या दिवसापासून मामाच्या जिवाला चैन नाही. पुलाच्या खांबावर पाण्याचे आकडे रंगवलेले होते, ते दिवसातून चारदा बघून यायचा. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी.

मॅडम हुशार. त्यांनी भोंगा मामाच्याच हातात दिला. "मामा, तुमचा आवाज शेंबड्या पोरालाही ओळखू येतो. धरणावरून फोन आला की हा कागद वाचायचा. लोक वरच्या शाळेत जातील." आधी तालीम करायची ठरली.

तालमीच्या दिवशी सगळे साहेब शाळेच्या फाटकात वह्या घेऊन उभे. मामानं घसा साफ केला आणि वाचलं, "धरणातून पाणी सोडण्यात येत आहे..."

पुढचं कोण ऐकतंय! पाणी सोडलं, तेही मामाच्या आवाजात, तेही अवेळी! सगळी गल्ली हंडे-बादल्या घेऊन नळावर. शाळेकडे माणूस तर सोडा, कुत्रंही गेलं नाही. आक्का रांगेत पहिली. वर मामालाच ओरडली, "धरणातून सोडलंय म्हणतोस, मग धार एवढी बारीक का रे?"

मॅडमनी रातोरात मजकूर बदलून आणला. आता त्यात होतं, 'विसर्ग वाढवण्यात येत आहे.' मामा कागद घेऊन माझ्याकडे आला.

"विसर्ग म्हणजे काय रे?"

"शाळेत असताना 'दुःख' लिहिताना मध्ये दोन ठिपके देत होतो, ते."

"ते वाढल्यावर गाव पळेल?"

"शुद्धलेखनाचे मास्तर पळतील."

त्याला हसू आलं नाही. तो तसाच उठून मॅडमकडे गेला, मीही मागोमाग. म्हणाला, "'नदी येतेय' असं लिहा. एवढंच."

"मामा, नदी कशी येईल? ती तर तिथेच आहे. आणि मजकूर वरून मंजूर झालाय."

"वर पाणी चढत नाही मॅडम, तिथं त्यांना काय कळणार?"

पुढचे दोन महिने त्यानं नुसती येरझार घातली. चावी खांद्यावर, कागद खिशात, ओठांत काहीतरी पुटपुटत. पंक्चर काढता काढता मलाच चक्कर यायची. "बस रे बाबा," मी म्हणायचो. "तुझं घर उंचावर आहे," तो म्हणायचा आणि निघून जायचा.

मग पाऊस लागला तो आठ दिवस हटेना. नवव्या दिवशी सकाळी दहाला धरणावरून फोन आला. हातात चार तास. मामानं आधी भोंगा नाही, चावी उचलली. खालच्या गल्लीचा व्हॉल्व बंद केला, शाळेचा उघडला आणि मग भोंगा घेऊन मॅडमच्या गाडीत बसला.

"नदी येतेय! खालचं पाणी बंद केलंय! पाणी फक्त वरच्या शाळेत सोडलंऽऽय!"

"मामा, मजकूर!" मॅडम ओरडल्या.

"खिशात आहे. भिजायला नको."

लोकांनी नळ फिरवून पाहिले, कोरडे. मग जी रीघ लागली! हंडे, कळश्या, बादल्या, बादलीत बसवलेली तान्ही बाळं, म्हातारे, सगळे चढण चढून शाळेत. फाटकात मॅडम नावं लिहीत होत्या. आक्काचं नाव नव्हतं.

मामा पळत तिच्या दारात गेला. मी त्याच्या मागे धापा टाकत. आक्का उंबऱ्यावर निवांत.

"मला कशाला पाणी? माझी पिंपं भरलेली आहेत."

"आक्का, पाण्याला नाही, नदी येतेय म्हणून चल."

"येऊ दे. तिला चहा ठेवते."

हात जोडून झाले, रागावून झालं. मागे नदीचा आवाज वाढत चालला होता. मामा इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग एकाएकी थांबला, पहिल्या पिंपाला खांदा लावला आणि आडवं केलं. दुसऱ्यालाही. काठोकाठ पाणी अंगणभर.

आक्काचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं कोपऱ्यातली काठी उचलली. "मेल्या! भरलेली पिंपं सांडतोस?" मामा पळाला, पण बेतानं, काठी दोन हात लांब राहील एवढाच. चढणीवर ती दमून थांबली की हा वळून म्हणायचा, "आणखी एखादी घागर होती का गं?" की ती पुन्हा सुटायची. गुडघे दुखतात म्हणून कधी देवळाच्या पायऱ्या न चढलेली बाई शाळेच्या फाटकातून आत गेली ती शिव्या देतच. मॅडमनी तिचं नाव लिहिलं.

दुपारी तीनला पाणी आक्काच्या पत्र्यावरच्या, विजेच्या खांबावरच्या खुणेला लागलं. सगळे खिडक्यांशी उभे होते. तेवढ्यात एक निळं पिंप गिरक्या घेत पुलाकडे निघालं.

ते पुलाआड जाईपर्यंत आक्का त्याच्याकडे बघत होती. मग भावाला म्हणाली, "दुसरी दोन आणून द्यायचीस. भरून."

"देतो."

"आता तरी बस. चहा घे."

मामा बसला. अर्धा कप प्याला आणि उठला. "पुलावरचा आकडा किती झाला, जरा बघून येतो."

उरलेला अर्धा कप आक्कानं पिऊन टाकला.