यंत्रात नसलेलं गाणं

नऊ वर्षं मी ही गोष्ट सांगायची टाळली. आमच्या घरात इतर लोक ती सांगतात, आणि हसत हसत सांगतात: मुलाच्या लग्नात जपानी व्याही माइक घेऊन उभे राहिले, पण यंत्रात त्यांचं गाणंच नव्हतं, मग अप्पांनी, म्हणजे मी, मंगलम म्हणून वेळ निभावून नेली. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी मीच केली आहे.

तरुणपणी कारखान्याने मला दोन वर्षं जपानला पाठवलं होतं. यंत्रं शिकायला गेलो आणि भाषाही शिकून आलो. तिथे सुटी झाली की सगळे मिळून कराओकेला जायचे. पडद्यावर शब्द, मागे वाद्यं, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या हातात माइक. बैठक मंद पडली की गाणं निवडायला मला सांगत. ती अक्कल मी कुंभकोणमहून नेली होती. आमच्या तंजावरी मराठी घरात जवळच्या मरुदानल्लूर मठाच्या वळणाचं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं भजन व्हायचं, आणि वडील सांगायचे की आपल्याला छान येतं ते पद घ्यायचं नाही, समोरच्यांना उचलता येईल ते घ्यायचं. जपानी गाण्यांनाही हेच लागू पडलं. सुरुवातीला टाळीचं गाणं, ज्याला शब्द आले नाहीत तरी चालतं. मग जत्रेतल्या नाचाचं, म्हणजे बसलेले उठतात. मग लहानपणी सगळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या कार्टूनचं. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ओरडून उत्तर द्यायचं, असं गाणं शेवटासाठी राखून ठेवायचं. संथ गाणी मी यादीत घेतच नसे. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

मुलगाही पुढे तिकडेच नोकरीला लागला आणि त्याने तिथलीच मुलगी पसंत केली. लग्न कुंभकोणमला ठरलं. जेवणं झाल्यावर दुपारी आमच्याकडे भजन असतं, त्याऐवजी या वेळी कराओके ठेवायचं अशी टूम निघाली. गाणी अर्थातच मी निवडणार होतो.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी व्याह्यांचं पत्र आलं. आम्ही दोघेही विधुर. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांची बायको गेली तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. त्यांनी एका गाण्याचं नाव लिहिलं होतं. तिची आई केस विंचरताना ते म्हणायची. मी आयुष्यात कधी गायलेलो नाही, त्यांनी लिहिलं होतं, पण सहा महिने गाडीत एकटाच शिकतो आहे. शेवटी कुठेतरी घाला, आणि मुलीला सांगू नका.

मी गाणं शोधलं. कराओकेच्या यंत्रात ते होतं. सुरुवातीचा भाग ऐकला आणि बंद केलं. असं संथ की ऐकताना खोलीतली हवासुद्धा थांबावी.

मग मी अक्काकडे गेलो. अक्का माझी थोरली बहीण, घरातल्या कार्याचं सगळं तीच बघायची. गाणं कोणाचं, कशासाठी, हे मी तिला सांगितलं नाही. एक दुःखाचं गाणं आहे, घ्यावं का, एवढंच विचारलं.

"लग्नघरात रडगाणं?" अक्का म्हणाली. "मग मुहूर्त कशाला काढलास, कावळ्यालाच आमंत्रण द्यायचंस."

मला नकार हवा होता, तो मी तिच्या तोंडून घेतला. खरं कारण वेगळं होतं. ते गाणं सुरू झालं असतं तर शंभर माणसांत मी रडलो असतो. यादीतून मी ते काढून टाकलं.

मुहूर्त सकाळचा होता. आमच्यात मुलीच्या बाजूने विधीला जोडपं बसतं. त्यामुळे आमच्याच एका नातलग जोडप्याने तिला मुलगी मानून मांडीवर बसवली आणि तिचं दान केलं. तिचे वडील सोवळ्यासारखी नवी वेष्टी, आमच्याकडचं धोतर, सावरत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे बघत होते. मीही शेजारच्या खुर्चीवर होतो. माझ्या जागी माझा भाऊ आणि भावजय बसले होते. आता कोण काय करतं आहे, हे मी व्याह्यांना हळू आवाजात सांगत होतो, आणि ते मान हलवत होते. मांडवात त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांचं जे काही होतं ते दुपारी होतं.

दुपार मी ठरवली तशीच रंगली. टाळीच्या गाण्याला आचारीसुद्धा बाहेर आले. जत्रेच्या नाचात माझ्या आत्येभावाने उपरणं कमरेला बांधून फेर धरला. मुलाचे मित्र ओरडून ओरडून घोगरे झाले. शेवटचं गाणं संपलं तेव्हा व्याही उठले, माइक घेतला आणि माझ्याकडे बघू लागले.

मी जवळ जाऊन त्यांना जपानीत म्हणालो, "तुमचं गाणं यंत्रात सापडलं नाही."

त्यांनी थोडा विचार केला. वेष्टीच्या घडीत खोचलेला एक कागद काढला आणि म्हणाले, "मग वाद्यांशिवाय म्हणू का?"

मी वळलो आणि मंगलम सुरू केलं. मंगलम हे आमच्या भजनाचं शेवटचं पद. ते झालं की त्या बैठकीत कोणी गात नाही, मग तो कितीही मोठा गवई असो. आमची सगळी माणसं सवयीने उभी राहिली, हात जोडले, आवाजात आवाज मिळवला. व्याह्यांना वाटलं असावं, हा काही विधी आहे. त्यांनी माइक खाली ठेवला, कागदाची घडी घातली आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मूर्ती ओततात ते दाखवायला स्वामीमलैला नेलं. बसमध्ये आम्ही दोघेच शेजारी बसलो होतो. मी वाटेतली देवळं दाखवत राहिलो.

तीन वर्षांनी सून पोंगलला आली होती. भाजी चिरता चिरता, आमच्याकडून शिकलेल्या जुन्या वळणाच्या मराठीत ती म्हणाली, "अप्पा, माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी एक गाणंही म्हटलं नाही. एक यंत्रात नव्हतं, तर दुसरं म्हणायचं. सगळ्यांना टाळ्या तेवढ्या वाजवल्या." ते लाजाळू आहेत, असं मी म्हणालो. "लाजाळू नाहीत," ती म्हणाली, "आई गेल्यापासून ते असेच आहेत. माझ्यासाठी काही करायचं म्हटलं की मागे सरतात." पुढे ती त्यांना फोनही कमी करू लागली, असं मुलगा सांगायचा.

मागच्या हिवाळ्यात व्याही गेले. सामान आवरताना तिला पाकिटात घडीचा कागद सापडला. तिने मला त्याचा फोटो पाठवला. मोठ्या अक्षरात गाण्याचे शब्द, श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलच्या खुणा, कोपऱ्यात हळदीचा डाग. खाली तिने विचारलं होतं, हे आईचं गाणं आहे, त्यांनी कशासाठी लिहून घेतलं असेल, तुम्हाला ठाऊक आहे का?

ठाऊक नाही, असं मी कळवलं.

या लेखाची प्रत तिला पाठवणार आहे. सून मराठी सावकाश वाचते, पण वाचते. व्याह्यांना मात्र आता काही पाठवता येत नाही. ते असताना एकदा मी त्यांना फोन लावला होता. बोलताना चुकू नये म्हणून वाक्यं जपानीत कागदावर लिहून घेतली होती. त्यांनी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग आपणहून म्हणाले, "ती दुपार फार छान झाली होती. तुम्ही गाणी चांगली निवडता." मी आभार मानले आणि फोन ठेवला. कागद अजून माझ्या खणात आहे. त्यावर लिहिलं आहे: तुमचं गाणं यंत्रात होतं. मीच काढलं. मला क्षमा करा.