अख्ख्या टीमचे भावोजी

शनिवारी सकाळी फार्मसी उघडत होते, तेवढ्यात ताईचा फोन आला. म्हणाली, “श्रीरंग गेला.” मी विचारलं, “कुठे? मॅचला?” उन्हाळ्यातला शनिवार होता आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी आमचे भावोजी मॅचलाच जात. पलीकडे ताई रडता रडता हसली... सकाळची धार आटोपून ते शेतात फिरायच्या चारचाकी क्वाड बाईकवर बसले आणि बसल्या जागीच हृदय बंद पडलं. या गोष्टीला आता दीडेक महिना झाला. त्यांच्यावर गंभीरपणे लिहायला बसते आणि दर वेळी हसू येतं, त्याला माझा इलाज नाही.

मुळात ते आमच्या घरात आले तेच एका शब्दाच्या घोळातून. पुण्यात ताईसाठी स्थळ आलं तेव्हा कळलं, मुलगा जळगावकडचा आहे आणि न्यूझीलंडला त्याची डेअरी आहे. आईने ऑकलंडच्या एका ओळखीच्या बाईंकडे चौकशी केली. त्या म्हणाल्या, इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. दूध, ब्रेड, बिस्किटं विकतात, चांगलं चालतं. मग दुकानात उपयोग होईल म्हणून ताईने अकाउंटिंगचा क्लास लावला. लग्नानंतर ती हॅमिल्टनच्या पलीकडे नव्या पांढऱ्या सँडल्स घालून गाडीतून उतरली, तर समोर तीनशे गाई रवंथ करत तिच्याकडे बघत होत्या. “दुकान कुठेय?” तिने विचारलं. भावोजींनी दोन्ही हात पसरून सगळं कुरण दाखवलं. त्या सँडल्स पुन्हा कधी पांढऱ्या झाल्या नाहीत, पण ताई रमली.

भावोजींना दोनच वेडं होती. एक घर आणि दुसरं बेसबॉल. घरात ताई आणि लेक सई तर होत्याच, पण ताईपाठोपाठ इकडे येऊन ऑकलंडच्या हिल्सबरोत राहिलेली आम्ही मंडळी आणि गाईसुद्धा त्यांच्या हिशेबी घरच्याच. जळगावला शाळेत ते बेसबॉल खेळले होते आणि इथे येऊन बघतात तर आसपासची सगळी पोरं रग्बीमागे. त्यांनी शेडजवळचं, उत्तम गवताचं कुरण गाईंकडून काढून घेतलं, जुन्या पोत्यांत वाळू भरून बेस केले आणि गावातली पोरंपोरी गोळा केली. गाईंना हा निर्णय मान्य नव्हता. संधी मिळाली की त्या कुंपणातून आत शिरत आणि नेमक्या सेकंड बेसपाशी आपलं मत नोंदवून जात. बाहेरच्या टीमचा खेळाडू जोशात घसरत सेकंड बेसला आला, की उठताना त्याचा जोश उतरलेला असे. मी प्रेक्षकांतून “भावोजी, चहा!” असं ओरडायची, त्यामुळे पोरांना वाटलं कोचचं नावच ते. सगळी टीम त्यांना भावोजी म्हणू लागली आणि मला बसल्या जागी डझनभर गोरी आणि माओरी भावंडं मिळाली. अंत्यसंस्काराच्या वेळी तिथल्या माणसाने घरच्यांनी पुढे यावं असं सांगितलं, तर जर्सी घातलेली अख्खी टीम उठून उभी राहिली.

मैदानावरचे इशारे मराठीत द्यायचे, ही अर्थातच त्यांचीच कल्पना. ‘पळ’ म्हणजे पळायचं, ‘थांब’ म्हणजे थांबायचं आणि ‘चोर’ म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरची नजर चुकवून पुढचा बेस चोरायचा. समोरच्या टीमला एक अक्षर कळत नसे आणि आपण जिंकायचो. मग एकदा ऑकलंडची एक टीम आली. भावोजींनी “चोर!” म्हणून आरोळी ठोकली आणि पलीकडच्या खुर्च्यांमधून एक बाई तितक्याच जोरात ओरडल्या, “सोहम, ही इज गोइंग टु स्टील! बघ ना रे तिकडे!” बाई नर्स होत्या, मूळच्या ठाण्याच्या. मॅचनंतर त्यांनी भावोजींना घरच्या चकल्याही दिल्या, पण इशाऱ्यांचं गुपित फुटलं ते फुटलंच.

आता एक सांगायला हवं. भावोजींच्या मनात एकच सल होता. ज्या माणसाने गावभरच्या पोरांना मराठी शिकवलं, त्याची स्वतःची लेक मराठीत एक शब्द बोलत नव्हती. सईला काहीही विचारा, उत्तर इंग्लिशमध्ये. “तिला कळतं तरी का गं?” असं ते मला काळजीने विचारत. तेवढ्या एका विषयावर त्यांना विनोद सुचत नसे.

तर गुपित फुटल्यावर त्यांनी इशारे उलटे केले. ‘थांब’ म्हणजे पळ आणि ‘पळ’ म्हणजे थांब. पुढच्याच मॅचला, शेवटच्या डावात, तिन्ही बेसवर आपली पोरं उभी असताना ते ओरडले, “थांब!” पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरची पोरं सुसाट सुटली. मध्ये, सेकंड बेसवर, सई उभी होती. ती थांबली. मागून येणारा मुलगा तिच्यावर येऊन आदळला आणि आपण हरलो. टीम मान खाली घालून उभी, आणि आमचे भावोजी टोपी उडवत मैदानात नाचताहेत! “बघितलंस ना? तिला कळतं! आतून कळतं!” मग सईपुढे जाऊन म्हणाले, “आता एक वाक्य बोल. एकच.” सई म्हणाली, “डॅड, वी लॉस्ट.”

मागच्या आठवड्यात मी ताईकडे गेले होते. दुपारच्या धारेच्या वेळी शेडकडे निघाले तर आतून कोणाचं तरी मराठी ऐकू आलं. मी पुढे होणार, तोच क्रेगने, फार्मवरच्या कामगाराने, पाण्याचा पाइप खाली ठेवला, ओठांवर बोट ठेवलं आणि मला दुधाच्या मोठ्या टाकीमागे ओढलं. आत सई एकेका गाईला दूध काढायच्या मशीनचे कप लावत बोलत होती. “सरक ना गं... तू आज फार नखरे करतो आहे. माझा उद्या टेस्ट आहे, आणि मी काहीच वाचला नाही.”

“हे कधीपासून?” मी कुजबुजत विचारलं.

“फॉर एजेस,” क्रेग म्हणाला. “इथेच उभा राहायचा श्री. रोज दुपारच्या मिल्किंगला. मला म्हणाला होता, बोललास तर सेकंड बेसवर झोपवीन.”

मी आत गेले. सईने वळून बघितलं. मग म्हणाली, “यू हर्ड?”

“बाबाशी का नाही बोललीस गं?”

“ही’ड लाफ, मावशी. नॉट इन अ मीन वे.” पुढचंही ती इंग्लिशमध्येच बोलली. “त्याला इतका आनंद झाला असता की तो हसतच सुटला असता, अँड देन आजीला फोन, मग काकाला फोन, आणि मला स्पीकरवर सगळं परत बोलायला लागलं असतं. गाई हसत नाहीत.” ती मान खाली घालून पुढच्या गाईला कप लावत राहिली. “आय वॉज गोइंग टु गेट गुड फर्स्ट.”

मी तिला बोटाने टाकीमागची जागा दाखवली आणि क्रेगने सांगितलेलं सगळं सांगितलं. ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मशीन चालूच होतं. मग तिने मराठीत विचारलं, “हसला तो?”

“नाही गं,” मी म्हणाले. “क्रेग म्हणतो, तोंडावर हात घट्ट दाबून उभा असायचा.”